वाद, वितंडा आणि दोलायमान मतदार

निवडणुकीच्या दिवसांत ‘आमचे अजून ठरलेले नाही’ असे सांगणाऱ्या माणसाकडे दोन अगदी भिन्न नजरांनी पाहिले जाते. राजकीय पक्षांना तो सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यांचे आधीच ठरलेले आहे त्यांच्यापुढे खर्चलेला शब्द वायाच जायचा. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र तो बहुधा बेफिकीर वाटतो. या दोलायमान मतदाराला समोर ठेवून आधुनिक लोकशाहीने एक मोठा सोहळा उभा केला आहे. दोन उमेदवारांनी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर समोरासमोर उभे राहून वाद करायचा आणि देशाने तो पाहायचा. या सोहळ्याचे माहेरघर अमेरिका. त्यामागचे गृहीत असे की, कोणी एक नागरिक मोकळ्या मनाने दोन्ही बाजू ऐकतो, तोलतो आणि मग आपले मत ठरवतो. असा नागरिक खरोखर असतो काय आणि वाद ऐकून त्याचे मत बदलते काय, हा वस्तुस्थितीचा प्रश्न झाला. त्या वादाने आपले मत कितपत बदलू द्यावे, हा नीतीचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर अभ्यासकांनी बऱ्याच अंशी दिलेले आहे. दुसऱ्याचा विचार ज्याचा त्यालाच करावा लागतो, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रारंभ अर्थातच १९६० सालापासून केला पाहिजे. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन हे दोन उमेदवार चित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे उभे राहिले. साडेसहा ते सात कोटी लोकांनी तो प्रसंग पाहिला असे सांगतात. निक्सन हे गुडघ्याच्या दुखण्याने रुग्णालयात राहून आलेले, वजन घटलेले, चेहरा ओढलेला. त्यांनी नीटशी रंगभूषा करून घेण्याचे नाकारले होते. दिव्यांच्या उष्णतेने त्यांच्या हनुवटीवर घाम आला आणि अंगावरचा फिकट करडा पोशाख मागच्या पडद्यात मिसळून गेला. केनेडी मात्र ताजेतवाने, उन्हाने रापलेले आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलणारे. नोव्हेंबरात सुमारे पावणेसात कोटींहून अधिक मतांपैकी सव्वा लाखाहून कमी मतांच्या फरकाने केनेडी पुढे राहिले. साहजिकच त्या घामाने निवडणूक फिरली, अशी आख्यायिका रूढ झाली.

त्याच आख्यायिकेचा दुसरा भाग असा की, ज्यांनी तो वाद रेडिओवर ऐकला त्यांना निक्सन जिंकले असे वाटले. या समजुतीला आधार असलेली तत्कालीन पाहणी फार तोकडी होती आणि रेडिओ ऐकणारे लोक मुळातच निराळ्या वर्गांतले असू शकतात, असा आक्षेप १९८७ मध्ये दोघा अभ्यासकांनी साधार मांडला. पुढे २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी १७१ जणांवर एक प्रयोग केला. काहींना त्या वादाचे चित्रमुद्रण दाखवले, काहींना केवळ आवाज ऐकवला. पाहणाऱ्यांमध्ये केनेडी सरस ठरवण्याकडे कल अधिक दिसला आणि त्यांच्या निर्णयात उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाचे वजन ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त होते. मात्र त्याच प्रयोगात असेही आढळले की, राजकारणाची फारशी जाण नसलेल्यांना चित्रामुळे वादातील माहितीही अधिक समजली. तेव्हा पडदा केवळ भुलवतो, असे म्हणून सुटका होत नाही. तो भुलवतो आणि शिकवतोही, आणि ही दोन्ही कामे एकाच वेळी करतो. खरी अडचण तेथेच आहे.

यानंतर तब्बल सोळा वर्षे असे वाद झाले नाहीत. १९७६ साली ते पुन्हा सुरू झाले आणि त्या वर्षीच्या दोन प्रसंगांचे आम्हांला विशेष महत्त्व वाटते. २३ सप्टेंबर रोजी फिलाडेल्फिया येथे जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांचा वाद चालू असता प्रक्षेपणाचा ध्वनी बंद पडला. बिघाड दुरुस्त होईपर्यंतची २७ मिनिटे जगातील सर्वांत बलाढ्य देशाचा अध्यक्ष आणि त्याचा प्रतिस्पर्धी आपापल्या मेजामागे जवळजवळ सारा वेळ मुकाट उभे होते. सभागृहात श्रोते होते, एकमेकांचा आवाज ऐकू येण्याइतके अंतर होते. पण देशाला ऐकू जात नाही म्हटल्यावर एकमेकांशी बोलण्याचे त्यांना काहीच प्रयोजन उरले नाही. हा वाद प्रतिपक्षाला पटवण्यासाठी नसतो, तिऱ्हाइताला दाखवण्यासाठी असतो, हे त्या २७ मिनिटांनी जितके उघड केले तितके कोणा पंडितालाही करता आले नसते.

दुसरा प्रसंग ६ ऑक्टोबरचा. पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे विधान फोर्ड यांनी त्या रात्री केले. वाद संपताच ज्यांची मते घेतली गेली त्यांना ते विधान फारसे खटकले नव्हते. फोर्ड निदान बरोबरीत आहेत, किंबहुना किंचित सरस आहेत, असाच त्यांचा कौल होता. रात्रभरात आणि दुसऱ्या दिवशी वाहिन्या आणि वृत्तपत्रे यांनी त्या चुकीवर बोट ठेवले, आणि चोवीस तासांच्या आत लोकमत पार उलटून कार्टर निर्विवाद विजयी ठरले. लोकांनी वाद एकदाच पाहिला होता; त्यांचे मत मात्र दोनदा बनले. दुसऱ्या वेळी ते आपल्या कानांनी बनले नव्हते.

आता वादाच्या परिणामाचा ताळेबंद पाहू. २००४ मध्ये जॉन केरी यांनी वाद जिंकले असे बहुतेक चाचण्यांनी सांगितले. निवडणूक बुश यांनी जिंकली. २०१२ मध्ये डेन्व्हर येथील पहिल्या वादात मिट रॉम्नी यांनी ओबामांना निःसंशय मागे टाकले. निवडणूक ओबामांनी जिंकली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि १० सप्टेंबर २०२४ च्या वादात कमला हॅरिस सरस ठरल्या. दोन्ही वेळा अध्यक्षपद डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेले. ब्रिटनमध्ये २०१० साली असे वाद प्रथमच झाले. पहिल्याच वादानंतर निक क्लेग यांच्या लोकप्रियतेला उधाण आले, आणि प्रत्यक्षात त्यांच्या पक्षाच्या जागा आधीच्या ६२ वरून ५७ वर उतरल्या. कारोलिन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स या संशोधकांनी १९५२ नंतरच्या, दहा देशांतील ६२ निवडणुकांची आकडेवारी तपासली. अखेरच्या दोन महिन्यांत १७ ते २९ टक्के मतदार आपले मत ठरवतात, असे त्यांना दिसले. म्हणजे दोलायमान मतदार ही काल्पनिक गोष्ट नव्हे. मात्र दूरचित्रवाणीवरील वादांचा त्या ठरवण्यावर मोजता येण्याजोगा परिणाम त्यांना आढळला नाही. वृत्तमाध्यमे, कार्यकर्ते, आप्तइष्ट यांच्याकडून दीर्घकाळ झिरपत येणारी माहिती अधिक प्रभावी ठरत असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

२७ जून २०२४ चा अटलांटा येथील वाद याला अपवाद म्हणून कोणी पुढे करील. त्या रात्री ८१ वर्षांचे जो बायडन अडखळले आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. पण तेथेही प्रथम डळमळले ते काठावरचे मतदार नव्हेत. डळमळले ते त्यांच्याच पक्षाचे धुरीण.

याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. १९४० च्या निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी परगण्यात पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाहणी केली होती. उशिरा ठरवणारे मतदार हे सर्वांत चिकित्सक असतील, हा रूढ समज तिने खोटा ठरवला. त्यांच्यातील पुष्कळांना निवडणुकीत रसच कमी होता. वृत्तपत्र आणि रेडिओ यांकडे त्यांचे लक्षही कमी होते, आणि अखेर ते ओळखीच्या कोणा जाणत्याच्या शब्दावर ठरवत. म्हणजे यज्ञ ज्या देवतेसाठी मांडला ती देवता मंडपाकडे फारशी फिरकतच नाही. मंडपात गर्दी असते ती बहुतांशी आधीच कौल दिलेल्या भक्तांची.

फिरकली तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमधील २०१० च्या वादांच्या वेळी काही वाहिन्यांनी पडद्याच्या तळाशी एक वळवळणारी रेघ दाखवली होती. तिला तेथे अळी म्हणतात. काही थोड्या दोलायमान मतदारांच्या हाती यंत्रे देऊन वक्त्याचे बोलणे आवडले की नावडले हे क्षणोक्षणी टिपायचे आणि त्याची सरासरी रेघेने दाखवायची, अशी ती योजना. मानसशास्त्रज्ञांनी १५० जणांचे दोन गट केले आणि तिसऱ्या वादाच्या वेळी त्यांना बनावट अळी दाखवली. एका गटापुढे ती गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने झुकवली, दुसऱ्या गटापुढे क्लेग यांच्या. बोलणे तेच, चेहरे तेच; पण कोण जिंकले, याविषयी दोन्ही गटांचा कौल अळीच्या मागे गेला, आणि कोणाला मत द्यावे या विचारावरही तिची छाया पडली. अनोळखी काठावरचे लोक काय म्हणतात याकडे पाहून काठावरचा माणूस आपला काठ सोडतो, असा याचा अर्थ. वक्तृत्वापेक्षा आणि घामापेक्षाही अधिक प्रभाव आहे तो ‘इतरांना काय वाटले’ याचा.

येथवर वस्तुस्थिती झाली. आता नीतीकडे वळताना आपल्याच परंपरेतील एक भेद हाताशी धरावासा वाटतो. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्याच्या इच्छेने चालतो तो वाद. जिंकण्याच्या इच्छेने दोन्ही बाजू आपापला पक्ष मांडतात तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढायचा ती वितंडा. आपल्या रोजच्या मराठीत ‘वितंडवाद’ उरला आणि ‘जल्प’ विस्मृतीत गेला, हेही सूचक म्हणावे लागेल. या कसोटीवर अमेरिकेतील सोहळ्याला वाद म्हणता येत नाही, तो जल्पच आहे, आणि आपल्याकडील वृत्तवाहिन्यांवर रोज रात्री सात-आठ जण एकाच वेळी ओरडताना दिसतात ती बहुधा वितंडा. तथापि शास्त्रकारांनी जल्पाला त्याज्य ठरवलेले नाही. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी जशा काटेरी फांद्या रोवतात, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा यांचेही स्थान त्यांनी मान्य केले. एक गोष्ट मात्र परंपरेने आवर्जून सांगितली. तत्त्वजिज्ञासूंच्या वादाला पंचाची गरज नसते. विजयेच्छेने चाललेल्या चर्चेला मात्र मध्यस्थ हवा, आणि तो विषय जाणणारा हवा. लोकशाहीतील जल्पाचा मध्यस्थ कोण? पडद्यावरचा सूत्रसंचालक नव्हे. तो केवळ घड्याळ सांभाळतो. मध्यस्थ आहे तो दोलायमान मतदार. तेव्हा त्याचा दोलायमानपणा ही नुसती मनाची अवस्था राहत नाही, ते एक पद होते. आणि पद आले की कर्तव्य आले.

हे कर्तव्य कोणते, ते एका प्रसिद्ध कथेवरून स्पष्ट होते. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा शास्त्रार्थ माहिष्मतीला झाला, असे शंकरदिग्विजयाची परंपरा सांगते. माहिष्मती म्हणजे आपल्या निमाडातील अहिल्याबाईंचे महेश्वर, असे आपल्याकडे अनेकजण मानतात. इतर मतेही आहेत. मध्यस्थ होत्या मंडनमिश्रांच्या पत्नी उभयभारती. त्यांनी दोघांच्या गळ्यात पुष्पमाला घातल्या आणि ज्याची माला कोमेजेल तो हरला, असे सांगून त्या गृहकृत्याकडे वळल्या. मंडनमिश्रांची माला कोमेजली. कथेचा हा भाग सर्वांच्या तोंडी आहे, आणि तेवढाच घेतला तर निक्सन यांचा घाम आणि कोमेजलेली फुले यांत काही अंतर राहत नाही. दोन्हीकडे शरीर साक्ष देते आणि त्या साक्षीवर निकाल होतो.

परंतु कथा तेथे संपत नाही. पतीचा पराभव मान्य करून उभयभारती स्वतः आचार्यांपुढे वादाला बसल्या आणि त्यांनी असे प्रश्न विचारले की, आचार्यांना उत्तरासाठी महिन्याची मुदत मागावी लागली. या उत्तरार्धात मध्यस्थाचे खरे स्वरूप दिसते. फुलांकडे पाहण्याचा अधिकार तिला होता, कारण फुलांवाचूनही निकाल देण्याची तिची योग्यता होती. आपला प्रश्न घेऊन आलेल्या मध्यस्थाला माला काही तरी सांगते. ज्याच्यापाशी प्रश्नच नाही, त्याच्या दृष्टीने त्या केवळ फुलांच्या माळा.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. देशाचा कारभार हाकणाऱ्याला संकटात डोके शांत ठेवावे लागते. मग दडपणाखाली त्याचा चेहरा कसा दिसतो हे पाहिले तर बिघडले काय? धोरणे कागदावर वाचता येतात, धीर मात्र प्रसंगीच दिसतो. हा आक्षेप आम्हांला अंशतः मान्य आहे. नव्वद मिनिटे उभे राहून विचारांचा धागा न सोडणे ही पदाशी संबंधित योग्यता आहे. पण हनुवटीवरचा घाम, हातातील घड्याळाकडे गेलेली नजर, ऐकताना सोडलेला सुस्कारा यांचा तिच्याशी संबंध असेलच असे नाही. थोरल्या बुश यांनी १९९२ च्या वादात घड्याळ पाहिले आणि अल गोर यांनी २००० मध्ये सुस्कारे सोडले, हे अनेकांना आजही आठवते. त्या रात्री त्यांनी अर्थव्यवस्थेविषयी काय सांगितले, ते सांगणारा विरळा. कोणती खूण योग्यतेची आणि कोणती योगायोगाची, हे निवडायला पुन्हा ज्याच्या त्याच्या ठायी एक मोजपट्टी असावी लागते.

शासकीय सेवेत असताना महसुली प्रकरणांच्या सुनावणीचे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले. नामांतरणाचे प्रकरण, वाटणीचा तंटा, शेताच्या वाटेची अडवणूक. एका बाजूला शहरातून आलेले अस्खलित वकील, दुसऱ्या बाजूला फडक्यात कागद बांधून आलेला शेतकरी, ज्याला साहेबापुढे धड उभेही राहता येत नसे. घाम त्यालाच यायचा. म्हणून आम्ही एक शिस्त पाळत असू. तारखेच्या आदल्या संध्याकाळी मिसल वाचायची, पटवाऱ्याचा अहवाल आणि खसऱ्याची नक्कल पाहायची, आणि निकाल कोणत्या दोन-तीन मुद्द्यांवर फिरणार आहे ते कागदावर लिहून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी युक्तिवाद ऐकताना तो कागद समोर असे. वकिलांचे बोलणे कितीही मोहक असले, तरी त्या मुद्द्याला ते स्पर्श करते की टाळते, हे त्या कागदामुळे कळे. आणि फडक्यातला एखादा चुरगळलेला कागद बोलका असेल, तर तोही दिसे. सुनावणीपूर्वी मन न बनवणे हे आमचे कर्तव्य होते. सुनावणीनंतर निर्णय लांबवणे मात्र कर्तव्यच्युती ठरली असती. अनिश्चय एकच, पण एका टप्प्यावर तो गुण असतो आणि पुढच्या टप्प्यावर दोष होतो.

मतदाराच्या अनिश्चयालाही हीच कसोटी लावली पाहिजे असे आम्हांला वाटते. शेतमालाच्या भावाविषयी एका पक्षाचे पटते आणि नागरी स्वातंत्र्याविषयी दुसऱ्याचे, म्हणून जो थांबला आहे, त्याचा संशय जिज्ञासेतून आलेला आहे; न्यायशास्त्राने संशयाला विचाराचा आरंभ मानले ते अशाच संशयाला. जो केवळ लक्ष दिले नाही म्हणून थांबला आहे, त्याचे थांबणे रिकामे आहे, आणि रिकाम्या जागेत अळी लवकर शिरते. पडद्यावरचा जल्प पहिल्याच्या उपयोगी पडेल. दुसऱ्याला तो दुसऱ्या दिवशीच्या मथळ्याच्या स्वाधीन करील. येथे नकाराची गोष्टही वेगळी काढली पाहिजे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या इंदुरात दोन लाखांहून अधिक मतदारांनी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबले. त्याविषयी कोणाचे मत काहीही असो, ते अनिश्चयाचे लक्षण नव्हते. तो निश्चित दिलेला कौल होता.

आपल्या देशात पंतप्रधानपदाच्या प्रमुख दावेदारांनी समोरासमोर वाद करण्याची प्रथा नाही. मे २०२४ मध्ये दोन निवृत्त न्यायमूर्ती आणि एक ज्येष्ठ संपादक यांनी दोन प्रमुख नेत्यांना तसे निमंत्रण दिले होते. तो योग आला नाही. उद्या आला, तर स्वागतच करावे. मात्र तो आल्याने मतदार आपोआप शहाणा होईल, ही आशा वर दिलेल्या अनुभवावरून धरवत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला आणि तोच वसा घेऊन इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी आपापल्या व्याख्यानमाला चालवल्या. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांच्या चिठ्ठ्या घेण्याची रीत अशा ठिकाणी असे. चिठ्ठी लिहायची तर ऐकतानाच प्रश्न सुचावा लागे. श्रोता त्या चिठ्ठीमुळे प्रेक्षकाचा मध्यस्थ होत असे.

म्हणूनच घरातील नातू किंवा नात ‘माझे अजून ठरलेले नाही’ म्हणते, तेव्हा आपल्यासारख्या ज्येष्ठांनी रागावू नये आणि आपले वर्षानुवर्षांचे चिन्हही त्यांच्यापुढे सरकवू नये. लाझार्सफेल्ड यांच्या पाहणीतील तो ओळखीचा जाणता होण्याचा मोह अशा वेळी फार होतो. त्याऐवजी एवढेच विचारावे, ‘कोणत्या प्रश्नावर अडले आहे?’ उत्तर आले, तर ते मूल मध्यस्थाच्या आसनावर बसले आहे असे समजावे आणि त्याला वेळ द्यावा. उत्तर आले नाही, तर प्रश्न शोधायला त्याच्या शेजारी बसावे. मतदानाच्या दिवसापर्यंत कौल त्याचा त्याने द्यायचा आहे. त्या दिवशी मात्र तो दिलाच पाहिजे.